उचकी लागलेली ट्राम

माझी आत्या सव्वीस वर्षं ट्राम चालवत होती. डेपोत तिला सगळे अलगदबाई म्हणायचे. हे नाव तिला एका तिकीट तपासनिसाने दिलं. तो तिच्या गाडीत उभ्याउभ्या दंडाच्या पावत्या लिहायचा आणि म्हणायचा, "बाकीच्यांच्या ट्राममध्ये माझं अक्षर गांडुळासारखं वळवळतं. हिच्या ट्राममध्ये कित्त्यासारखं येतं." तिने ब्रेक कधी लावला ते कळायचंच नाही. खिडकीबाहेरची दुकानं सरकायची थांबली, की समजायचं, थांबा आला.

माझे आईबाबा कामासाठी लांबच्या गावी होते आणि तिथे धड शाळा नव्हती, म्हणून नऊ वर्षांची असल्यापासून मी आत्याकडेच वाढले. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आत्याने लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं, तर "वेळापत्रकात बसलं नाही," एवढंच सांगायची. तिची सकाळची पाळी असली की माझा डबा भरून ठेवायची आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवायची. त्या चिठ्ठ्यांत लाडबीड काही नसायचे. "गॅस बंद केलाय. छत्री घे. गणिताच्या बाईंशी भांडू नकोस, त्यांचं बरोबर आहे." मी त्या चिठ्ठ्यांवर मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, दहाच्या सुमाराला, गाडी चालवताना तिच्या डोळ्यांसमोरचा अख्खा रस्ता डावीकडून उजवीकडे फिरला. तिने ट्राम थांब्यात आणून उभी केली. दारं उघडली. माईकवर सांगितलं, "ही गाडी पुढे जाणार नाही, मागची चार मिनिटांत येईल." कंट्रोल रूमला कळवलं, शेवटचा प्रवासी उतरल्याचं आरशात पाहिलं आणि मग केबिनमध्ये खाली बसून खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. तो सोडवायला दोन माणसं लागली.

कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, त्याचा आजार निघाला. जिवाला धोका नव्हता, पण चक्कर केव्हा येईल याचा नेम नाही, त्यामुळे गाडी चालवणं कायमचं बंद. तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. वर्षभर ती लोकांच्या छत्र्या आणि एकेकटे हातमोजे परत करत होती. मग म्हणाली, "लोकांना त्यांचं हरवलेलं सापडतं, मी नुसती बघत बसते." आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली.

घरात ती भिंतीला हात लावून चालायला लागली. पांढऱ्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला बोटांचा मळकट पट्टा उमटला, दारापासून बाथरूमपर्यंत. बाहेर जायची ती माझ्या दंडाला धरून, आणि रस्त्यावरून काही जोरात गेलं की डोळे मिटायची. जिने चार डब्यांची गाडी भर बाजारातून नेली, तिला चौक ओलांडायला भाचीचा हात लागावा, याची तिला लाज वाटायची. ती बोलायची नाही, पण माझ्या दंडावरच्या पकडीतून ते मला कळायचं.

दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्यांनी समजावलं, "मेंदूला हलणाऱ्या दृश्यांची सवय पुन्हा लावायची. रोज थोडी थोडी." त्यासाठी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सरकताना बघायच्या होत्या. आत्याने दोन दिवस बघितल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हे काय चादरींचं दुकान आहे? मी नाही बघणार."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, सरकणारं दृश्यच बघायचं, तर रूळ का नकोत? ट्राम चालवण्याचा एक सिम्युलेटर गेम असतो हे मला ठाऊक होतं. मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. "चालेल की. पण चित्र सलग पाहिजे, अडखळता कामा नये. आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी थांबायचं, झाल्यावर नाही."

घरात एक कॉम्प्युटर होता. माझ्या कॉलेजच्या वेळी आत्याने घेऊन दिलेला, नऊ वर्षांचा. आता तो कोपऱ्यात कापडाखाली असायचा आणि महिन्यातून एकदा विजेचं बिल भरण्यापुरता उठायचा. मी त्यावर गेम टाकला. तो उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून झाले. शेवटी पडद्यावर केबिन दिसली, समोर रूळ, दोन्ही बाजूंना झाडं. आत्या खुर्चीत सावरून बसली. किती दिवसांनी ती अशी ताठ बसली होती.

पहिला चौक नीट गेला. दुसऱ्या चौकात चित्र अर्धा सेकंद गोठलं आणि मग एकदम उडी मारून पुढे गेलं. पुन्हा गोठलं. पुन्हा उडी. तिसऱ्या चौकात आत्याने डोळे मिटून टेबलाची कड धरली.

"अगं, ही ट्राम आहे का? हिला उचकी लागलीय!"

मग ती भिंत धरत धरत बाथरूमकडे गेली. उलटी झाली. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी स्वयंपाकघरात स्वतःला शिव्या घालत बसले. बरं करायला निघाले आणि तिला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी एका चकचकीत दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने कॉम्प्युटरचं वय ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, हा संग्रहालयात द्या." नव्याची किंमत ऐकून मी जुन्याचंच काही होईल का, असं विचारलं. निदान नवं ग्राफिक्स कार्ड तरी घ्या म्हणाला, तर ते एकटंच आमच्या अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा महाग. नाकापेक्षा मोती जड!

घरी आल्यावर आत्याने निकाल दिला. "नवं काही नको. तुझी नोकरी आता कुठे सुरू झालीय. याच यंत्राचं काही होत असेल, आणि नव्याच्या पाव किमतीत होत असेल, तर कर. नाहीतर मी आपल्या त्या चादरी बघते."

ऑफिसातल्या एकीने मला फुंकरकाकांचा पत्ता दिला. किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी, जिन्याखाली, कपाटाएवढं दुकान. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. समोर कुठलंही यंत्र आलं, की काय बिघडलंय हे विचारायच्या आधी ते त्याच्यावर एक फुंकर मारायचे. म्हणून ते नाव. मी कॉम्प्युटरचा डबा काउंटरवर ठेवला. त्यांनी फुंकर मारली. माझ्या अंगावर पाच वर्षांची धूळ आली.

"काय होतंय याला?"

"स्लो चालतो."

"स्लो हा रोग नाही, ती तक्रार झाली. केव्हा स्लो? उघडताना? वळणावर? का सारखाच?"

"ते चालवणारीला माहीत."

"चालवतं कोण?"

मी आत्याचं सगळं सांगितलं. ट्राम, कान, चादरी, उलटी. ते चष्मा पुसत ऐकत होते. मग डबा पुन्हा माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा. मी उद्या घरी येतो. रोग्याला न विचारता औषध द्यायला मी काही उंटावरचा शहाणा नाही."

ते खरंच आले, तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. स्टूल ओढून आत्याच्या मागे बसले. "ताई, दोनच मिनिटं चालवा. त्रास होतोय असं वाटलं की सोडा. काय जाणवतं तेवढं सांगा."

आत्याने दोन मिनिटं चालवली आणि डोळे मिटूनच बोलायला लागली. "सरळ रस्त्यावर ठीक आहे. चौकात गर्दी आली की अडखळते. आणि नवी वस्ती सुरू होताना एक मोठा हिसका बसतो. तो बसायच्या आधी त्या डब्यातून घरघर ऐकू येते. पाचेक मिनिटांनी पंखा किंचाळायला लागतो, आणि मग सगळंच जड होतं."

काका माझ्याकडे बघायला लागले. "अर्धं निदान यांनीच केलं की! घरघर करते ती जुनी हार्ड डिस्क. पुढची वस्ती आणायला धावते आणि तिला दम लागतो. चौकात अडखळतो तो प्रोसेसर. आणि पंखा किंचाळतो म्हणजे आत तापतंय."

मग ते टेबलामागे वाकले आणि तसेच वाकलेले असताना हसायला लागले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही मॉनिटरची वायर कोणी लावली?"

"मी," मी म्हणाले. "टेबल हलवलं तेव्हापासून तिथेच लावतेय. पाच वर्षं झाली."

"यात एक ग्राफिक्स कार्ड आहे, साधंच, पण चांगलं आहे. तुम्ही वायर लावली भलत्याच भोकात. हे कार्ड पाच वर्षं आत बसून फुकट पगार खातंय!"

आत्या तेव्हा हसली. डोळे मिटलेलेच होते, पण खांदे हलेपर्यंत हसली.

वायर बदलून चित्र जरा सुधारलं, पण उचकी गेली नाही. काकांनी मला समजावलं, की असले गेम मारामारीच्या गेमसारखे नसतात. कुठली गाडी केव्हा थांबणार, सिग्नल कधी बदलणार, कोण रस्ता ओलांडणार, हे सगळं ठरवायचं काम प्रोसेसरचं. "चित्र रंगवणारा तयार बसलाय. काय रंगवायचं हे सांगणाराच दमलाय. मग तुम्ही महागडं कार्ड आणून काय करणार?"

पुढच्या आठवड्यात ते तीनदा आले. आधी सगळं उघडून साफ केलं. पंख्याच्या खालून धुळीचा थर निघाला तो घोंगडीसारखा सलग. प्रोसेसरवरची, त्याला थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती खरवडून नवी लावली. मेमरीची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला तशीच दुसरी बसवली. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी आली, आवाज न करता कितीतरी जलद चालणारी. आणि एक ऑफिस आपले जुने कॉम्प्युटर काढून टाकत होतं, तिथून त्यांनी एक वापरलेला प्रोसेसर मिळवला, आमच्याच मदरबोर्डात बसणारा, पण त्याच्या दुप्पट ताकदीचा. पॉवर सप्लाय मात्र तपासून तसाच ठेवला. "हा म्हातारा ठणठणीत आहे. उगाच कशाला घालवायचा?"

नवा प्रोसेसर बसवला आणि पडदा काळा. काकांनी तो काढला, जुना परत बसवला, बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर नवं केलं आणि मग पुन्हा नवा प्रोसेसर लावला. यात दीड तास गेला. आत्या पलंगावर बसून बघत होती. मला हळूच म्हणाली, "घाई करत नाही. बरा आहे माणूस."

आता गेम चहाला आधण येण्याआधीच उघडला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसत होता, सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. पूर्वी तो वीसच्या आसपास धडपडायचा, आता नव्वद! मी टाळ्या वाजवल्या. आत्याने चार चौक पार केले आणि हात मांडीवर ठेवले.

"पुन्हा मळमळतंय गं."

मला रडूच यायला लागलं. आता काका म्हणणार, माझ्याकडून होतं ते केलं, पुढे तुमचं नशीब. पण ते म्हणाले, "पोरी, तू चालव. मी बघतो."

मी चालवत होते आणि ते रस्ता न बघता फक्त तो कोपऱ्यातला आकडा बघत होते. सरळ रस्त्यावर नव्वद. चौकात पंचेचाळीस. पुन्हा ऐंशी. पुन्हा पन्नास.

"आकडा मोठा आहे," ते म्हणाले, "पण नाचतोय."

आत्या पलंगावरून म्हणाली, "ट्रामचंही तेच असतं. चाळीसने चालवा नाहीतर पंधराने. माणूस वेगाने पडत नाही, वेग बदलला की पडतो. आम्हाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात."

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, पस्तीस वर्षं मी यंत्रं दुरुस्त करतोय. हे मला कुणी शिकवलं नाही."

मग त्यांनी जे केलं त्यावर माझा विश्वास बसेना. एवढ्या मेहनतीने नव्वदवर नेलेला आकडा त्यांनी खाली आणून तीसवर बांधून टाकला. सेकंदाला बरोबर तीस चित्रं. चौकात काय आणि मोकळ्या रस्त्यावर काय, तेवढीच. झाडांच्या सावल्या कमी केल्या. रस्त्यावरची माणसं निम्मी केली. केबिन थरथरल्यासारखी दिसायची, ते बंद केलं. "आता याच्याकडे ताकद उरते. कितीही गर्दी आली तरी याला धाप लागणार नाही."

आत्या बसली. मी घड्याळ लावलं तीन मिनिटांचं, दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं तेवढंच. पहिला चौक. दुसरा. तिसऱ्या चौकात समोरून एक ट्राम आली, बाजूने दोन मोटारी, एक सायकलवाला. चित्र सायीसारखं सरकत राहिलं. पुढे थांबा होता. आत्याने कीबोर्डवरचं बोट हळूहळू उचललं आणि गाडी फलाटाच्या कडेला, खुणेवर नेऊन उभी केली.

"दारं उघडली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे, सवयीने.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. फुंकरकाकांनी उगाचच रिकाम्या टेबलावर फुंकर मारली.

सगळा खर्च पाव किमतीच्या आतच बसला. घरी यायचे वेगळे किती, असं आत्याने विचारलं, तर काका म्हणाले, "त्या वेगाच्या वाक्यात वळते झाले."

तिथून पुढे रोज सकाळी, नाश्ता झाला की आत्या ड्युटीवर. ती तसंच म्हणायची. आधी तीन मिनिटं, मग पाच, मग आठ. बाईंनी एका कागदावर आखून दिलं होतं आणि आत्याने तो भिंतीवर चिकटवून वेळापत्रकासारखा पाळला. सगळे दिवस चांगले गेले नाहीत. मध्ये एक पूर्ण आठवडा चक्कर येत राहिली आणि कॉम्प्युटर बंदच ठेवावा लागला. पण दोन महिन्यांनी ती जिना उतरताना कठड्याला नुसती बोटं टेकवायला लागली. चार महिन्यांनी एकदा मी ऑफिसातून आले, तर ती दोन्ही हातांत दोन भरलेले कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. भिंतीला हात लावायला हात मोकळाच नव्हता, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिच्या हातातला एक कप घेतला आणि चहा प्यायले.

एका शनिवारी सकाळी तिने कोट चढवला. "मी जाऊन येते."

"थांब, मी चप्पल घालते."

"तू नको. मला आभार मानायचेत, आणि ते मी भाचीच्या दंडाला लोंबकळून मानणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "सव्वीस वर्षांत लाखो माणसं उतरली असतील माझ्या गाडीतून. सगळी मागच्या दारांनी. पुढे येऊन ड्रायव्हरला कोण सांगणार, की बाई, बरं पोहोचवलंस? त्यांची चूक नाही. पण ज्यांनी मला पोहोचवलं त्यांना मी पुढच्या दाराने जाऊन सांगणार."

मी गॅलरीतून बघत राहिले. पहिल्या चौकात ती सिग्नलसाठी थांबली. एक ट्रक जोरात गेला. ती उभीच राहिली, डोळे उघडे ठेवून. मग लोकांबरोबर चालत पलीकडे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. पुढचे दोन तास माझे कसे गेले ते माझं मला माहीत.

पुढचं मला फुंकरकाकांनीच सांगितलं. आत्या दुकानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी चालत आले. एकटी. तुमचे आभार मानायला." काकांनी शेजारच्या किल्लीवाल्याला हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, "हे बघ, या ट्रामवाल्या ताई. या चालत आल्यात." किल्लीवाल्याला काही कळलं नाही, तरी त्याने उठून हात जोडले. तिथून ती दवाखान्यात गेली आणि बाईंच्या खोलीबाहेर, नंबर आल्यावरच आत जाऊन, त्यांचेही आभार मानून आली.

घरी आल्यावर तिने कोट काढला. मी म्हटलं, "आणि माझे?"

"तुझे कसले? तू घरची."

मग मीच बोलले. डबे, चिठ्ठ्या, छत्र्या, गणिताच्या बाई, आणि सकाळच्या पाळीला जाण्याआधी माझ्यासाठी करून ठेवलेलं सगळं. इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झालं? मग बस आता, पाय दुखत असतील. केव्हाची गॅलरीत उभी होतीस." तिने खालून मला बघितलं होतं तर.

आजार पूर्ण गेलेला नाही. जाणारही नाही, असं डॉक्टर सांगतात. खरी ट्राम ती पुन्हा कधी चालवणार नाही, आणि हे बोलताना आता तिचा आवाज बदलत नाही. पण गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. एक रंगारी आहे, शिडीवरून पडल्यापासून त्याचीही आत्यासारखीच गत झालीय, पट्ट्या बघायला तयार नाही. जरा तुमच्याकडे बसवाल का?

तो आला. धिप्पाड माणूस, पण खुर्चीवर असा बसला, जणू खुर्ची पळून जाणार आहे. आत्याने शेजारी आपली खुर्ची ओढली, घड्याळ दोन मिनिटांवर लावलं आणि कीबोर्डवर बोट ठेवलं. रूळ सरकायला लागले तसे त्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"लांब बघा," आत्या म्हणाली. "जवळच्या रुळांकडे नको, त्या लांबच्या झाडाकडे. आणि घाबरू नका. चालवतेय मी."

दोन मिनिटं झाली तरी तो झाडाकडेच बघत होता. आत्याने गाडी थांब्यात उभी केली आणि त्याला पाणी दिलं. परत कधी येऊ, असं त्याने विचारलं. आत्याने भिंतीवरचा कागद बघून सांगितलं, "गुरुवारी, अकराला. आणि वेळेवर या, गाडी थांबणार नाही."